लाइव्ह ब्लाउज

भांडायला निघाले होते मी. नाहीतर मार्चच्या उन्हात शांती नगरहून काशीगावापर्यंत कोण चालत जातं?

चौऱ्याण्णव साल. माझ्या एका गिऱ्हाइकानं हायवेच्या वळणावर बोर्ड वाचला होता – 'धर्माजींकडे दर शनिवारी लाइव्ह ब्लाउज'. समोर बसवून, तिथल्या तिथे शिवून देतात, असा तिनं अर्थ लावला आणि वर मला ऐकवलं, "तुम्ही तर एका ब्लाउजला पंधरा दिवस लावता!" लावते मी पंधरा दिवस. दादाच्या हॉलच्या कोपऱ्यात बसून, एकटीच्या दोन हातांनी आणि एकतीस वर्षांच्या दुखऱ्या पाठीनं. कोण हा धर्माजी, बघतेच म्हटलं.

बोर्डावरच्या बाणामागून गेले, तर समोर चक्क बार. कौलारू, जुनाट, भर दुपारी बंद. परत फिरायला हवं होतं, पण पायांत त्राण नव्हतं. ओट्यावर बसलेच. आत कुणीतरी गिटार वाजवत होतं... अगदी सावकाश, कामावरून दमून आलेला माणूस जिना चढतो तसं.

"बार सातला उघडतो, मॅडम." दारात एक उंच माणूस आला. गळ्यात गिटार, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"ब्लाउज कोण शिवतं इथे?"

तो इतका हसला, की मला रागच आला.

"ब्लूज," तो म्हणाला. "लाइव्ह ब्लूज. आमच्या पेंटरनं ब्लूज कधी ऐकला नाही. ब्लाउज रोज रंगवतो."

"मग पुसून टाका ना!"

"पुसाचा न्हाय!" आतून म्हातारे मालक धर्माजी ओरडले. "वीस वर्सांचा बार हाय माझा. आता कुठं लोकं थांबून बोर्ड वाचतान."

मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

तो कौस्तुभ. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. शनिवारी पाळी संपली, की थेट इथे. फार पूर्वी वांद्र्याचा एक गिटारवाला इथे येऊन राहिला, त्यानं या बारला ब्लूजचा नाद लावला आणि पुढे कौस्तुभला शिकवला. अजूनही लांबलांबून लोक ऐकायला यायचे.

"पण ब्लूज म्हणजे काय?" मी विचारलं.

"दमलेल्या माणसांचं गाणं."

"मग मला यायला हवं."

"नाव काय तुमचं?"

"रसिका."

"नाव रसिका, आणि गाण्यातलं काही माहीत नाही?"

"ते नाव ठेवणाऱ्यांना विचारा."

त्यानं एक गाणं वाजवून दाखवलं. तीच ओळ दोनदा म्हणाला. मी विचारलं, दोनदा का? तर म्हणे, पहिल्यांदा कुणी ऐकत नाही म्हणून. आमच्या घरी मीही सगळं दोनदाच सांगते, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं...

पुढच्या शनिवारी मी धर्माजींच्या बायकोचं, विमलाबाईंचं माप घ्यायला गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी ब्लाउज घालून बघायला. मग दुसऱ्या ब्लाउजचं माप. मागच्या पडवीत टेप घेऊन उभी राहायचे आणि कान मात्र आत.

"किती शिवशील गो?" पाचव्या ब्लाउजला विमलाबाई म्हणाल्या. "मला आंग एकच हाय!"

मी लाजले. कौस्तुभनं आतून मुद्दाम एक सूर चुकवला.

जूनमध्ये दादानं स्थळ आणलं. रत्नागिरीचा बिजवर, दोन मुलं, माणूस शांत. रविवारी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं. मला नकार द्यायचाही कंटाळा आला होता. नकार दिला की कारण सांगावं लागतं, मग रडारड, मग मंदावहिनीचं तोंड आठवडाभर फुगलेलं. हो म्हटलं, की निदान सगळे गप्प तरी बसतील.

शनिवारी कौस्तुभला सांगितलं. तो गिटारची खुंटी पिळत राहिला.

"चांगलं आहे," म्हणाला.

"काय चांगलं?"

"मी बारमध्ये वाजवतो, रसिका. तुझा दादा मला दारात तरी उभं करेल का?"

"'तुझा' म्हणालात."

"चुकून गेलं... सॉरी."

"राहू दे तसंच." मी टेप गुंडाळत म्हटलं. "मला तू आवडतोस. उद्या अकराला घरी ये. नाही आलास, तर मी हो म्हणून टाकेन. खरंच सांगते, भांडायची ताकद नाही राहिली माझ्यात."

तो पावणेअकरालाच आला. शर्टला कडक इस्त्री, हनुवटीवर ब्लेड लागलेलं. दादानं बसवलं, नोकरी विचारली, घर विचारलं. मी मनात म्हणत होते, बारचं बोलू नको, आज नको.

"शनिवारी काशीगावच्या बारमध्ये गिटार वाजवतो," कौस्तुभ म्हणाला. "नंतर कळण्यापेक्षा आत्ताच सांगतो."

मंदावहिनीच्या हातातली बशी वाजली.

"ईश्वर सावंताची बहीण बारवाल्याला दिली, असं मला ऐकायचं नाही," दादा म्हणाला. "ते सोडणार असशील, तर बोलू पुढचं."

कौस्तुभनं माझ्याकडे पाहिलं. आठवडाभराचा शीण होता त्याच्या चेहऱ्यावर. मग मान खाली घालून तो म्हणाला, "सोडतो."

मला आनंद व्हायला हवा होता. एवढं कुणी माझ्यासाठी कधी सोडलं होतं? पण गिटारशिवायचा कौस्तुभ मला डोळ्यांसमोर आणताच येईना.

"मग मला नाही करायचं," मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"काय नाही करायचं?" दादा.

"लग्न. हा वाजवायचं सोडणार असेल, तर याच्याशीही नाही आणि रत्नागिरीवाल्याशीही नाही. दादा, दमलेला माणूस मला चालेल, मी पण दमलेलीच आहे. पण गप्प झालेला माणूस घरात नको मला. तशी मी एकटी पुरेशी आहे."

एवढं मी त्या घरात एका दमात कधीच बोलले नव्हते. कौस्तुभचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "माफ करा. नाही सोडत."

दादानं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी मंदावहिनीच बोलली.

"काय हो," तिनं कौस्तुभला विचारलं, "बायकांना चालतं का तिथे ऐकायला?"