हाफिजभाईंचा टेस्टर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी हे लिहितोय, कारण हे घडलंय, आणि जिच्यासोबत घडलं ती बाई आमच्या शेजारी राहते. नजमाभाभी.

पोंभुर्णा, २००५. लोडशेडिंगची संध्याकाळ.

भाभींचे यजमान हाफिजभाई मोटरी दुरुस्त करायचे. महिन्यापूर्वी ते मुखरूच्या शेतात गेले आणि शॉक लागून मोटरीजवळ मेलेले सापडले. फ्यूज न काढताच मोटर उघडली, असं मुखरूने गावभर सांगितलं.

गावाने मान डोलावली. भाभींचं मात्र डोकं फिरलं. घरचा बल्ब बदलतानाही आधी फ्यूज काढून खिशात टाकणारा माणूस! तो गेला याचं दुःख होतंच. पण त्याला बेअक्कल ठरवलं, याचा संताप त्याहून मोठा होता.

मरताना त्यांच्या खिशात टेस्टर होता. लाइन असली की आत लाल दिवा लागतो तो. भाभींनी तो कोनाड्यात ठेवला होता.

त्या संध्याकाळी गावात कुठेच वीज नव्हती...

आणि कोनाड्यात लाल उजेड पडला.

टेस्टर पेटला होता.

कुणी धरलेला नाही. कशाला टेकलेला नाही.

चंद्रपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा भाभींचा भाऊ जाहिद घरीच होता. त्याने घाम पुसला आणि बोलत सुटला. दोन इलेक्ट्रॉन एकदा जोडीत बांधले गेले की कितीही लांब न्या, एकाचं दुसऱ्याशी जुळतं म्हणे. त्यावर चालणारे कंप्युटर परदेशात बनवू पाहताहेत. कदाचित ज्या करंटने भाईंना मारलं, त्याची जोडी या टेस्टरात राहिली असेल. पण जोडीने दिवा पेटत नाही, तेवढी ऊर्जा येणार कुठून, असंही तोच म्हणाला.

"तुझा कंप्युटर बनन तवा बनन," भाभी म्हणाल्या. "दुसरं टोक कुठी आहे, मले माहीत आहे."

टेस्टर मुठीत घेऊन त्या तडक मुखरूच्या शेतावर गेल्या. जाहिद मागे.

बांधावर रानडुकरांसाठी करंट सोडायची उघडी तार ताणलेली होती. भाई गेले तेव्हा ती कुणालाच दिसली नव्हती.

मुखरू आणि त्याची बायको गुणाबाई तिथेच होते. भाभींनी तारेकडे बोट दाखवलं. लोडशेडिंगात कसला करंट, म्हणत मुखरू हसला. दाखवायला म्हणून त्याने तार मुठीत धरली.

काहीच झालं नाही.

मग...

टेस्टर भडक लाल झाला. मुखरूचं हसू विरलं. मूठ उघडेना.

"सोडा ना, मुखरूभाऊ," भाभी म्हणाल्या. "लाइन नाई ना?"

गुणाबाई रडत त्याची बोटं उकलू लागली. तिला झटका बसत नव्हता. बोटं मात्र सुटत नव्हती. कोणीतरी वरून हात दाबून राह्यला, असं मुखरू पुटपुटला.

भाभी जागच्या हलल्या नाहीत. "कसा मेला माझा माणूस?"

"याच तारेनं मेला. म्या तार गुंडाळली, अन् त्याले मोटरीपाशी नेऊन टाकला."

मूठ सुटली.

गावात वीज आली ती त्यानंतर बऱ्याच उशिरा.

मुखरूने चौकीतही तेच सांगितलं. तार काढून टाकली. जाहिदला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि टेस्टर उघडायची त्याची हिंमत होत नाही. भाभींचा राग आता निवला असेल, असं मला वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. वीज गेलेली...

कोनाडा लाल झाला.

मुखरूच्या बांधावर तर आता तार नव्हती.

भाभी चप्पल घालत होत्या.

"चाल भाऊ," त्या म्हणाल्या. "आता कोनाच्या बांधावर तार लागली, ते पाहू."