भरती चुकली त्या दिवशी बेटावर

माझा भाऊ म्हणाला होता, हे कुठे लिहू नकोस. लोक हसतील, नाहीतर ते घर शोधत जातील.

म्हणून बेटाचं नाव देत नाही. भिवंडीच्या खाडीत आहे, एवढंच सांगते. बाकी जे घडलं तेच लिहिलंय. एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

शनिवार, १४ डिसेंबर २०२४.

माझं नाव जैनब. वय सेहेचाळीस. शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. भिवंडीत मी आणि माझे अब्बा, दोघंच राहत होतो. भाऊ ओसामा कुवेतला असतो. सुट्टीवर आला होता, आणि जानेवारीत अब्बांना कायमचं घेऊन जाणार होता. इथे त्यांच्याकडे दिवसभर बघायला कुणी नाही, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. 

मी फक्त एक हट्ट धरला. जायच्या आधी सगळं खानदान एकदा एका छपराखाली झोपू दे.

म्हणून ते घर घेतलं. मोठं, दुमजली. आठ खोल्या, चोवीस गाद्या. तिथे आचारी नसतो. आपला शिधा आपण न्यायचा, आपणच रांधायचं. भांडी, ताटं, शेगड्या सगळं तिथलं. बेटावर दुसरं घर नाही. चारी बाजूंना तिवरं आणि चिखल. होडी फक्त भरतीच्या वेळी लागते. ओहोटी लागली की गुडघाभर गाळ. ना कुणी येऊ शकत, ना जाऊ शकत.

मी सामान घेऊन पुढे गेले. बाकीचे एकोणीस जण त्याच भरतीला, दुसऱ्या फेरीत येणार होते.

घराची साफसफाई बघणारी देवकी नावाची बाई आहे. दिघाशी गावची. पन्नाशीची असेल. तिने मला खोल्या दाखवल्या, गॅस दाखवला आणि लगेच पायात चपला घातल्या.

"थांबा ना, देवकीताई. आमची माणसं येईपर्यंत तरी."

"न्हाय बाय. माझी होडी जाईल. रातचं मी हितं न्हाय राहत."

"का?"

तिने उंबरा ओलांडला.

"एकटीनं राहायचं घर न्हाय ह्ये," म्हणाली, आणि निघून गेली.

मला वाटलं, घर मोठं आहे म्हणून म्हणत असेल.

दीड वाजता ओसामाचा फोन आला.

"आपा, आम्ही मानकोलीला अडकलोय. कंटेनर आडवा झालाय. गाडी हलतच नाहीये."

ते बंदरावर पोचले तेव्हा अडीच वाजले होते. पाणी उतरलं होतं. होडीवाला सुभाष म्हणाला, आता भरती मध्यरात्री. अंधारात बायका-पोरं घेऊन मी खाडीत जाणार नाही. उद्या दुपारी नेतो.

म्हणजे उद्या दुपारपर्यंत मी एकटी.

मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. उलट हसू आलं. अख्खं खानदान एकत्र आणायला निघाले होते, आणि चोवीस गाद्यांच्या घरात मी एकटी.

जेवले. भांडी घासली. एकोणीस माणसांसाठी भिजवलेले तांदूळ उपसून फ्रिजमध्ये ठेवले. मग वरच्या खोल्यांत जाऊन गाद्यांवर चादरी घातल्या. आठही खोल्या. प्रत्येक चादर हाताने सरळ केली.

पाच वाजता ओसामाने पुन्हा फोन केला. मी व्हरांड्यात उभी होते. आजूबाजूला इतकी शांतता होती की चिखलातले खेकडे चालल्याचं ऐकू येत होतं.

"ठीक आहेस ना, आपा?"

"ठीक आहे. अब्बांनी औषध घेतलं?"

"घेतलं. बरं झालं तुला सोबत मिळाली ते."

"कसली सोबत?"

"मागे एवढा गलका चाललाय ना... दुसरा ग्रुप आलाय का तिथे?"

मी मागे वळून पाहिलं.

हॉल रिकामा. जिना रिकामा.

"टीव्ही आहे," मी म्हणाले.

तिथे टीव्ही नव्हता.

खोटं का बोलले, मला माहीत नाही. कदाचित त्याने काळजी करू नये म्हणून. कदाचित दुसरं काही बोललं असतं, तर माझीच बोबडी वळली असती.

सहाच्या सुमारास मगरिबची, संध्याकाळच्या नमाजची वेळ झाली. मी हॉलमध्ये जानमाज अंथरली. एकटी होते, ऐकायला कुणी परकं नव्हतं, म्हणून कुराणातली सूरा आवाजात म्हटली. सूरा संपली. आम्ही कोकणी लोक आमीन मोठ्याने म्हणतो.

मी म्हणाले, आमीन.

आणि माझ्या मागून...

बायकांचे आवाज आले. दहा-बारा तरी असतील. सगळ्यांनी एका सुरात आमीन म्हटलं.

माझे हात छातीवर होते. ते तसेच ठेवले.

नमाजमध्ये मागे बघता येत नाही. नमाज तोडता आली असती... पण तोडली नाही. मी झुकले. मागे कपडे सळसळले. मी कपाळ टेकून सजद्यात गेले. मागे गुडघे टेकल्याचे आवाज, बांगड्यांचे आवाज. कुणीतरी वयस्कर बाई असावी, उठताना हलकेच कण्हली.

दुसऱ्या रकातीला पुन्हा आमीन.

शेवटी सलाम फिरवायचा असतो. आधी उजवीकडे मान, मग डावीकडे. मी उजवीकडे पाहिलं.

रिकाम्या लाद्या.

डावीकडे पाहिलं.

रिकाम्या लाद्या.

मी उठले आणि चप्पल न घालता बाहेर पळाले. पायऱ्यांवर बसून राहिले. समोर नुसता गाळ, आणि गाळापलीकडे शहराचे दिवे. जाणार कुठे?

थोड्या वेळाने घरात आवाज सुरू झाले. आता मलाही ऐकू येत होते. खुर्च्या सरकत होत्या. जिन्यावरून कुणीतरी धावत खाली आलं. स्वयंपाकघरात झाकणं वाजत होती, बायका बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. पण सूर ओळखीचा होता. पाहुण्यांनी भरलेल्या घराचा असतो तसा.

मी रक्षणासाठी आयतुल कुर्सी म्हणत दारात गेले.

सगळं थांबलं.

बाहेर आले... पुन्हा सुरू.

आत गेले... थांबलं.

असं तीन-चार वेळा झालं. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी भीतीच्या जागी मला वाईट वाटलं. हे कुणाला कसं सांगू... लग्नघरात मी बायकांच्या घोळक्यात गेले की असंच होतं. सुनांचं, सासवांचं, पोरांचं बोलणं चाललेलं असतं. मी गेले की थांबतं. कुणीतरी म्हणतं, या ना जैनबआपा. आणि मग कुणीच काही बोलत नाही.

मी त्या रिकाम्या हॉलमध्ये उभी राहिले आणि रडू फुटलं.

"थांबू नका," मी म्हणाले. "बोला ना. मी बसते इथे कोपऱ्यात."

बराच वेळ काही झालं नाही.

मग स्वयंपाकघरात एक झाकण हललं. हळूच. मग कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी.

आणि माझ्या समोर, माझ्या आजूबाजूला, त्यांचं सगळं सुरू झालं.

एक माणूस दिसलं नाही. एक सावली दिसली नाही. मी खुर्चीत पाय जवळ घेऊन बसले होते आणि ऐकत होते. एकदा माझ्या खुर्चीमागून कुणीतरी गेलं, तेव्हा ओढणी खांद्याला घासून गेल्यासारखं वाटलं. मी हलले नाही.

मला झोप कधी लागली कळलं नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे... इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

सकाळी ऊन हॉलमध्ये आलं होतं. मी वर गेले.

आठही खोल्यांत चादरी चुरगळलेल्या. उशांवर डोक्यांचे खळगे. तेवीस गाद्यांवर कुणीतरी झोपून उठलं होतं. चोविसावी गादी, जिच्यावर मी माझी पिशवी ठेवली होती, तेवढीच सरळ होती.

दुपारी होडी आली. देवकी त्याच होडीने आली. आमची माणसं सामान उतरवत होती तेवढ्यात ती वर गेली. चादरी बघून तिला काहीच नवल वाटलं नाही. गुमान एकेक ओढून काढायला लागली.

"नेहमी असं होतं?" मी विचारलं.

"घर रिकामं असलं का व्हतं."

"कोण आहेत?"

"कुनाला ठावं. हितं पयलं घर नव्हतं, कायच नव्हतं. नुसती तिवरं. कोन मेलं म्हणून बी ऐकलं न्हाय." तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाय, तू त्यांच्याशी बोललीस का?"

मी मान हलवली. नाही.

"बरं केलंस. आपन बोलायचं न्हाय. बोललं का ती सोबत धरतात."

मी चादरीची दोन टोकं धरून उभी होते. 

त्या दिवशी घरात एकोणीस माणसांचा कालवा होता. पोरं जिन्यावर नाचत होती, बिर्याणी शिजत होती. दुसरा कसलाही आवाज आला नाही. मी ओसामाची मुलगी रमशा हिला हळूच विचारलं, काही वेगळं वाटतंय का? ती म्हणाली, फुफी, नेट चालत नाहीये.

अब्बा मात्र व्हरांड्यात बसले होते.

अब्बांबद्दल सांगायचं राहिलं. चाळीस वर्षं त्यांनी लूम चालवले. त्या खडखडाटाने दोन्ही कान गेले. शेजारी कुकरची शिटी झाली तरी कळत नाही. मशीन लावलं तर थोडं ऐकू येतं, आणि ते मशीन त्या दिवशी घरीच राहिलं होतं.

मी त्यांना चहा द्यायला गेले. ते रिकाम्या खुर्च्यांकडे बघून मान लववत होते.

"वालेकुम अस्सलाम... वालेकुम अस्सलाम..."

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "अब्बा, कुणाला?"

ते माझ्यावरच रागावले.

"इतकी माणसं सलाम करतात, जवाब नको द्यायला?"

मी कप खाली ठेवला. 

सोमवारी दुपारच्या भरतीला आम्ही निघालो. देवकी कुलूप लावून मागून आली. आम्ही वीस, ती एकविसावी. होडी मोठी होती, तीस माणसांची. तरी सुभाषने दोनदा वाकून काठ पाहिला.

"किती जण बसलात?"

"एकवीस."

त्याने स्वतः मोजलं. एकवीसच.

"पाणी काठाला आलंय," तो पुटपुटला. "कोणी हलू नका आता. पोरांना मांडीवर घ्या."

देवकी माझ्यासमोर बसली होती. तिने पाण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. नंतर बंदर येईपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

होडी अगदी सावकाश आली. सगळे उतरले. सामान उतरलं. मी मागे राहिले होते, अब्बांची काठी घ्यायला. काठी घेऊन धक्क्यावर आले आणि वळून पाहिलं.

होडी रिकामी होती. सुभाषसुद्धा खाली उतरून दोर बांधत होता.

आणि होडी अजून तेवढीच बुडालेली होती.

मग ती हलली. बोटभर वर आली. थांबली. पुन्हा बोटभर वर आली... जसं एकेक माणूस उतरत होतं. दर वेळी धक्क्याची ओली फळी किंचित दबायची, अगदी माझ्या पायाजवळ.

मी मोजत होते. सतरापर्यंत मोजलं. मग ओसामाने हाक मारली, "आपा, चल ना, गाडी उभी आहे," आणि माझी मोजणी चुकली.

अब्बा जानेवारीत गेले. ओसामा रोज रात्री फोन करतो. एकटीला भीती वाटत नाही ना, विचारतो. मी नाही म्हणते.

फ्लॅटमध्ये आजवर काही झालेलं नाही. एक भांडं वाजलं नाही.

पण फोन ठेवला, दिवा घालवला की मला राहवत नाही. मी अंधारात हळूच विचारते, "आहात का?"

आणि काही ऐकू यायच्या आत दोन्ही कानांवर उशी घट्ट दाबून घेते.