पाचवा डबा

पिंजऱ्यात बिबट्या नव्हता. माणूस होता.

उपनिरीक्षक तेजस्विनी औटी उसातून वाट काढत पोहोचली तेव्हा रविवारची संध्याकाळ व्हायला आली होती. वारूळवाडीच्या शिवारातला हा मळा तिला नवा नव्हता. जानेवारीत ती इथेच आली होती, मजुरीला आलेल्या ठमाबाईच्या मृत्यूच्या पंचनाम्याला. उसाच्या कडेला वाकून खुरपणाऱ्या बाईला बिबट्याने मानेला धरून ओढत नेलं होतं. त्यानंतरच वनखात्याने इथे पिंजरा लावला.

पिंजरा म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी सापळा. मागच्या कप्प्यात आमिषाची शेळी, पुढच्या कप्प्यात फळी. फळीवर वजन पडलं की वरचं दार धाडकन खाली येतं. त्या पुढच्या कप्प्यात मळ्याचा मालक संपततात्या पाय पोटाशी घेऊन पडला होता. ओठ फुटले होते. दाराला बाहेरून तारेचे चार पीळ मारलेले, पक्कडीने, घट्ट.

पिंजऱ्यासमोर, आतून हात कितीही लांब केला तरी पोचणार नाही अशा अंतरावर, दोन वस्तू मांडल्या होत्या. पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी आणि तिच्याशेजारी एक खुरपं.

"कधी सापडले?" तिने तार तोडणाऱ्या सुदर्शनला विचारलं. तो मळ्यातला जुना गडी.

"आत्ताच की. शेळीला पाला टाकाया आलो तर ह्ये."

"दिवसभर ओरडले असतील. कुणीच ऐकलं नाही?"

"ऐकनार कोन मॅडम? कॅनॉलला पानी हाय, आज आमची पाळी. समदी मानसं सकाळधरनं वरच्या रानात दारं धरत व्हती. अन् ठमाबाई गेल्यापासनं ह्या उसाकडं कोन फिरकत बी न्हाई."

तात्याला गाडीत घालताना त्याने एकच शब्द उच्चारला. "पानी."

---

सोमवारी दवाखान्यात तात्याची जीभ सुटली, पण कामाचं काही बोलेना.

"कुणी कोंडलं?"

"दिसलं न्हाई. मागनं ढकललं."

"आवाज ओळखीचा वाटला?"

"बोललाच न्हाई त्यो."

"दिवसभरात एक शब्दही नाही?"

तात्याने भिंतीकडे तोंड केलं. "मला तक्रार करायची न्हाई. जिता हाय, लई झालं."

तेजस्विनीने खाटेखालची पिशवी उघडून त्याचे कपडे पाहिले. पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर मातीचे गोल, नीटस डाग. सदऱ्याची पाठ स्वच्छ. तळहातांवर एक ओरखडा नाही. तिने पिशवी होती तशी बांधली.

ठमाबाईचा नवरा बहिरू डोंगरातला, घोडेगावच्या पलीकडच्या वाडीचा. त्याला ठाण्यात आणलं तेव्हा तो खुरप्याकडे बघतच राहिला. मुठीला हिरव्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला होता.

"तिचंच हाय. काठ तिनंच गुंडाळला व्हता, हात सोलायचा म्हनून."

"तुमच्याकडे होतं?"

"न्हाई बाई. मयताच्या दिशी लई हुडकलं. गावलंच न्हाई."

"रविवारी कुठं होतात?"

"घोडेगावात. दवाखान्यात. बंद व्हता, बसून माघारी आलो. कागद न्हाई माझ्यापाशी."

"संपततात्याला तुम्ही कोंडलं?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मी कोंडलं असतं तर खुरपं भाईर ठेवलं नसतं."

ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना ते वाक्यच पुरेसं वाटलं. हेतू आहे, खुरपं आहे, रविवारी कुठे होता याचा पुरावा नाही. पुढच्या सोमवारी अटक, तोवर रोज हजेरी. बहिरू रोज बस बदलत यायचा, ठाण्याच्या पायरीवर बसायचा, सांजेला जायचा. त्याच्या शेजारून जाताना तेजस्विनीचं पाऊल जड व्हायचं. जानेवारीतला तात्याचा जबाब तिच्याच अक्षरात होता. 'मी तिला बिबट्या आहे असे सांगितले होते, तिने ऐकले नाही.' तिने तेवढं लिहिलं, सही घेतली आणि कागद बंद केला. दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

राहिला तात्याचा पुतण्या. त्याच्याशी ती सोमवारीच बोलली होती. ऋषी, वय सव्वीस, नारायणगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आई लहानपणीच गेलेली, वाढला तात्याच्या घरी.

"रविवारी कुठं होतास?"

"कालव्यावर, मॅडम. दिवसभर. एकटाच."

"काय करत होतास?"

"जिओकॅशिंग. लोक डबे लपवतात आणि नेटवर त्या जागेचे आकडे देतात. आपण जीपीएस घेऊन शोधायचं. सापडला की आतल्या कागदावर नाव-तारीख घालायची आणि डबा परत तिथंच ठेवायचा. पुण्याच्या कुणीतरी आपल्या कालव्यावर पाच ठेवलेत, इथून खोडदच्या बाजूला."

"किती सापडले?"

"पाचही."

"शेवटचा कुठं होता?"

"पुलापाशी. दगडात." तो किंचित थांबला. "जाऊन बघा ना. माझी सही आहे सगळ्यांत."

फोनच्या लोकेशनचा उपयोग नव्हता. मळ्याला आणि कालव्याला टॉवर एकच. तिने विषय बदलला.

"ठमाबाईला उसातून बाहेर कुणी काढलं होतं?"

"मी आणि सुदर्शनने." त्याने खाली पाहिलं. "मी आधी पोचलो होतो."

---

शनिवारी तिची सुट्टी होती. तिने साधे कपडे घातले, पाण्याची बाटली घेतली, मोबाइलवर आकडे भरले आणि वारूळवाडीच्या पुलापासून कालव्याच्या भरावावरून चालायला लागली. एकटीच. साहेबांना सांगितलं असतं तर हसले असते.

पहिला डबा बाभळीच्या ढोलीत होता. मुठीएवढा, झाकण घट्ट. आत गुंडाळलेला कागद. चार-सहा नावं आणि शेवटी 'ऋषी, २२ मार्च', निळ्या शाईत. रविवारचीच तारीख.

दुसरा मैलाच्या दगडामागे. तिसऱ्याला पाऊण तास गेला. मोबाइल बाण दाखवायचा, दहा पावलं फिरवायचा आणि परत तिथंच आणून सोडायचा. शेवटी पाण्याच्या दाराच्या गंजक्या चाकाखाली हात घातला तेव्हा बोटाला डबा लागला आणि तिला चक्क हसू आलं. चौथा पाटकऱ्याच्या पडक्या चौकीत, विटेमागे. सगळीकडे ऋषी, सगळीकडे बावीस मार्च.

ऊन चढलं. एका बाजूला कांद्याची रानं, दुसऱ्या बाजूला कोरडा कालवा, तळाशी उरलेली डबकी, डबक्यांत बगळे. लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. पोरगा खरं बोलत असेल तर परवा बहिरूला बेड्या पडणार होत्या, आणि त्या तिलाच घालाव्या लागणार होत्या.

पाचव्या डब्याचे आकडे तिला एका दगडी पुलापाशी घेऊन आले. तिने कठडा तपासला, भरावावरचे दगड उलथले. काही नाही. बाण पुलाखालीच दाखवत होता. ती चपला हातात घेऊन तळात उतरली. आतल्या भिंतीत, तिच्या छातीच्या उंचीवर, दोन दगडांच्या फटीत डबा सापडला. कागद कोरडा. 'ऋषी, २२ मार्च.' पाचही सह्या पुऱ्या.

तिने डबा परत सारला. बोटांना गाळ लागला होता, वरून सुकलेला, आतून ओला. तिने मान वर केली. भिंतीवर गाळाची आडवी रेघ होती, तिच्या डोक्यापेक्षा हातभर वर.

भरावावर एक म्हातारी शेरडं चारत होती. नाव कुशाबाई.

"आजी, पाणी कधी बंद झालं?"

"बुधवारी की. त्याच्याआदी धा-बारा दिस नुसता तुडुंब. का गं, काय हरवलं का?"

"नाही आजी," तेजस्विनी म्हणाली. "सापडलं."

---

रविवारी सकाळी तिने सगळ्यांना तात्याच्या अंगणात बोलावलं. दवाखान्यातून घरी आलेला तात्या बाजेवर उशीला टेकून होता. सुदर्शन दाराशी. ऋषी खांबाला टेकून उभा. बहिरू ओट्याची पायरी न चढता खालीच बसला.

"तात्या, तुम्हाला कुणी ढकललं नाही," तिने सुरुवात केली. "तो पिंजरा कमरेएवढा आहे. मागून ढकललेला माणूस तोंडावर पडतो, हात खरचटतात. तुमचे गुडघे तेवढे मळले होते. तुम्ही स्वतःहून रांगत आत गेलात. ज्याच्यावर विश्वास होता, त्याच्या सांगण्यावरून. बहिरूच्या सांगण्यावरून गेला असतात?"

ती ऋषीकडे वळली.

"दुसरं. खुरपं बहिरूकडे कधी आलंच नव्हतं. ठमाबाईजवळ जो आधी पोचला, त्याने ते उचललं आणि दोन महिने जपलं."

ऋषीने हाताची घडी घातली. "मी कालव्यावर होतो, मॅडम. सह्या बघितल्यात ना?"

"बघितल्या. पाचवा डबा पुलाखाली आहे, कालव्याच्या आतल्या भिंतीत. रविवारी कालवा वाहत होता. तुमची माणसं त्याच पाण्याने दारं धरत होती, म्हणून तर कुणी तात्याची हाक ऐकली नाही. त्या दिवशी तो डबा दोन हात पाण्याखाली होता, ऋषी. बुधवारपर्यंत तो उघडणारा माणूस बुडाला असता."

ती एक पाऊल पुढे आली.

"सोमवारी तू मला 'पाचही' म्हणून बसलास. नेटवर वाचून 'पुलापाशी' म्हणालास, पण तो पाण्याखाली आहे हे तुला ठाऊकच नव्हतं. पाणी ओसरल्यावर तू गेलास आणि एका पेनाने पाचही कागदांवर मागची तारीख घातलीस. चारवर थांबला असतास, तर मी आज बहिरूला घेऊन गेले असते."

ऋषीच्या खांद्यांतला ताठरपणा गेला. पण तो बोलला तेव्हा आवाजात पश्चात्ताप नव्हता.

"फळी अडकलीय म्हणालो. गेले आत. मी खटका ओढला. चार वाजेपर्यंत समोर बसून होतो. एकच मागत होतो, खरं काय ते एकदा तोंडाने बोला, दार उघडतो. पाणी देतो. नाही बोलले."

"काय खरं?"

"रिष्या!" तात्या ओरडला. आठवड्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

ऋषीने खिशातून मोबाइल काढला. "ठमामावशी जायच्या तेरा दिवस आधी मी उसात बिबट्याची मादी पाहिली. दोन पिल्लं होती. व्हिडिओ काढून यांना पाठवला. हे यांचं उत्तर."

त्याने बोट टेकवलं. तात्याचाच आवाज अंगणात घुमला, खाकरून, घाईघाईने बोललेला. "कुनाला दावू नगं. बायांना कळलं तर एक बी यायची न्हाई. कांद्याची लागन हून जाऊंदे, मग बगू."

"आणि जबाबात म्हणाले, मी तिला सांगितलं होतं," ऋषी म्हणाला. "आई गेल्यावर दरसाल लागणीला आली की ती मला हाताने भाकरी चारायची, मॅडम. तिच्या मरणावर हे तिचीच चूक लिहून मोकळे झाले."

"लिहिलं मी," तेजस्विनी म्हणाली. "ते मी लिहिलं." मग ती बाजेकडे वळली. "तक्रार नको होती ती यासाठीच ना, तात्या? ऋषीचं नाव घेतलं की हा आवाज बाहेर आला असता."

तात्याने उशीत तोंड लपवलं. सुदर्शन जमिनीवर थुंकला आणि दारातून निघून गेला.

तेजस्विनीने ऋषीचा फोन पिशवीत घालून सील केला. "ऋषी, तुला अटक करतेय. पाण्यावाचून रात्रही तशीच गेली असती तर हा खून झाला असता. तात्या, तुमचा जानेवारीचा जबाब खोटा ठरलाय. तो नव्याने घेणार आहे, आणि या वेळी सगळे प्रश्न विचारणार आहे."

ऋषीने हात पुढे केले. जाता जाता तो बहिरूसमोर थांबला, वाकला. "बाबा, तुमच्यावर आळ येईल असं वाटलं नव्हतं. मी मावशीसाठी केलं."

बहिरूने पाय मागे घेतले.

"तेरा दिस म्हनलास न्हवं?" तो म्हणाला. "त्या तेरा दिसांत ती रोज तुज्या म्होरनं रानात जायाची. तुला रोज हाक मारायची. तवा कुटं व्हती तुजी जीभ?"

ऋषी वाकलेला तसाच राहिला. मग त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला, तेजस्विनीपाशी आला आणि तिच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"दोगांचीबी नावं लिवा, बाई. एकाच कागदावर."

तिने पेनाचं टोपण काढलं.