दोन मापांचे वूफर

लहानमोठे बैल एका जुवाला जुंपू नयेत, हे शेतकऱ्याला कोणी सांगावं लागत नाही. वूफरचं, म्हणजे जड आवाजाच्या स्पीकरचं, मात्र मला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. आदिलाबादला माझं साउंडचं दुकान आहे. आधी लग्नांत डीजे लावायचो, कानांनी तक्रार सुरू केली तेव्हा घरोघरी होम थिएटर बसवू लागलो.

गुडीहत्नूरच्या भूषणलाही मी फोनवर तेच सांगितलं. त्याचं हायवेला लागून कापूस खरेदीचं दुकान आहे. वडील, माणिकराव, दिवाळीनंतर दम्यानं गेले. ते झोपायचे त्या खालच्या खोलीत त्याला सिनेमाची खोली करायची होती. एक वूफर कंपनीचा, नवा कोरा. दुसरा त्यानं कॉलेजात असताना सुताराकडून डबा ठोकून घेतलेला, आवाजाला जड. दोघांची जोडी जमणार नाही म्हटलं, तरी जुना त्याला टाकवत नव्हता. कापूसवाल्यांचा हात असाच, एकदा घट्ट झाला की सुटत नाही.

भर दुपारी गेलो. दोन्ही लावले आणि व्हायचं तेच झालं. नवा चटकन आवाज फेकायचा, जुना रेंगाळायचा. एका वूफरच्या तोंडावरचा काळा पडदा पुढे आला की दुसऱ्याचा मागे जायचा. भिंतीपाशी धडधड, आणि मधल्या सोफ्यावर बसलं तर दोघांनी मिळून आवाज खाऊन टाकलेला. जुन्याची जागा बदलली, मागचा खटका उलटा केला, थोडं जमलं. पण डबा लहान पडत होता. अशा वेळी आत पिंजलेला कापूस भरला की लहान डबाही मोठ्यासारखा वागतो. मी भूषणला कापूस मागितला, सरकी काढलेला.

तो माळ्यावरून एक पोतं घेऊन आला. कापूस मऊ, लांब धाग्याचा, किंचित पिवळट. त्याला बामचा वास येत होता. माळ्यावर काय काय ठेवलेलं असतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. भूषणची आई, सोनाबाई, दारात उभी राहून पाहत होती. डबा बंद केला, गाणं लावलं आणि मीच खूश झालो. दोन्ही वूफर एका आईच्या पोटचे असावेत तसे वाजले.

पंधरा-वीस दिवसांनी भूषणचा फोन. जुना वूफर बंद असला तरी आवाज येतो म्हणाला. मी हसलो. अर्थिंग नसेल, गावातली वायरिंग म्हणजे आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, असं म्हणून त्याची टर उडवली आणि दुसऱ्या दिवशी गेलो.

सोनाबाई जुन्या डब्याला टेकून जमिनीवर बसली होती. एवढ्या दिवसांत ती निम्मी झाली होती. भूषण म्हणाला, आठवड्यापासून तिचा डोळ्याला डोळा नाही. एक सलाईन घरीच लावून झालं, आता डॉक्टरनं हात टेकलेत. जेवायलासुद्धा ती तिथून उठत नाही.

मी प्लग काढला. मागच्या तारा सोडवून हातात घेतल्या. आणि पाहिलं तर पडदा हलत होता. सावकाश पुढे आला, थांबला, सावकाश मागे गेला. मागे जाताना आत बारीक शिट्टी वाजली. डब्याच्या भोकापाशी मी तळवा धरला. हवा येत होती... कोमट, बामच्या वासाची. मी घाबरलो, हे सांगायला मला लाज नाही.

मग पडदा थांबला. खोलीत काहीच ऐकू येईना. सोनाबाईनं बोटाच्या पेरानं डब्यावर दोनदा टकटक केलं. एक मोठी घरघर आली, आणि पडदा पुन्हा हलू लागला.

"रात्री श्वास अडकते त्याहिचा," ती हळूच म्हणाली. "आमचं लगन झालं तवापासून म्या असंच उठवत आली. खाटेवर टकटक केलं का सुरू होते. फक्त ते गेले त्या राती म्या पोरीकडं नार्नूरले होती... इथं कोनी टकटक केलंच नाही, बाबू."

भूषण खाली मान घालून उभा होता. मी त्याला बाहेर नेलं आणि विचारलं, कापूस कुठला. आमच्याकडे माणूस गेला की त्याची गादी त्याच दिवशी शिवेबाहेर टाकतात. भूषणनं टाकली होती, पण नुसती खोळ. आतला कापूस माणिकरावांनी स्वतः निवडून भरलेला. तो फेकायला जीव धजला नाही, म्हणून त्यानं पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून ठेवला होता. मला इतका राग आला, की वय विसरून मी त्याला बोललो.

कापूस काढावा तर सोनाबाई डब्याला हात लावू देईना. न काढावा तर ती तिथेच बसून मरणार, हे दिसतच होतं. शेवटी मी तिच्यासमोर बसलो.

"माय, जिवंत होते तवा तुमी श्वास चालू ठेवला, ते बरोबर केलं. आता काऊन ओढायला लावून राह्यल्या त्याहिले? किती तरास होत असन..."

 तिनं डब्यावरून हात फिरवला, जसा माणसाच्या पाठीवरून फिरवतात, आणि बाजूला सरकली.

मी पेच काढले. सगळा कापूस पोत्यात भरला, कोपऱ्यातला धागासुद्धा ठेवला नाही. भूषण आणि मी शिवेबाहेर नाल्याकाठी तो जाळून आलो. परत आलो तर सोनाबाई सोफ्यावर गाढ झोपली होती. भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी रिकामा डबा बंद करत होतो. शेवटचा पेच हातात होता, तेवढ्यात सोनाबाईच्या घशातून बारीक शिट्टी आली. मग ती थांबली. छाती हलेना. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

रिकाम्या डब्याचा पडदा दोनदा आतून बाहेर आला. टक. टक.

सोनाबाईनं मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि झोपून राहिली.

डबा न्यायचा का ठेवायचा, हे भूषणनं विचारलं नाही, मीही नाही. तारा मात्र मी गुंडाळून घेऊन आलो. पुढचे काही महिने सोनाबाई त्या खोलीत झोपत होती. अंगानं भरली, बाजारात दिसायला लागली. श्वासाचं विचारलं तर म्हणायची, "लक्ष हाय ना त्याहिचं."

दसऱ्याला लेक तिला नार्नूरला घेऊन गेली. दोन दिवसांचीच गोष्ट होती. तिथे ती रात्री झोपली आणि सकाळी उठली नाही.

तिचं दिवसकार्य झाल्यावर भूषण डबा गाडीत घालून माझ्या दुकानात आला. पडदा फाटला होता, चिंध्या बाहेरच्या बाजूला आलेल्या.

"त्या राती डबा लय वाजत होता," तो म्हणाला. "थांबतच नव्हता. मले झोप येईना... म्या उठून खोलीचं दार लावून घेतलं, धम्मपालभाऊ."

डबा टाकून दे म्हणाला आणि गेला. मी फाटका पडदा आणि मॅग्नेट काढून भंगारात दिलं. आता नुसती लाकडी पेटी उरली आहे, ती दुकानात मागच्या बाजूला पडून असते. जेवण झालं की खुर्चीत डोळा लागायची मला जुनी सवय आहे. बायको म्हणते, हल्ली तुम्ही झोपेत घोरता, मध्येच गप्प होता.

परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मला जाग आली ती टकटकीनं.