छत्तीस कुप्या

सोमवारी सकाळी नऊला ती बाई वहिनींच्या कचेरीत शिरली तेव्हा तिच्या हातात पर्सही नव्हती, नुसती गाडीची किल्ली होती. खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, "कोणीतरी आमचं औषध मारलं."

वहिनी पूर्वी ऑडिटर होत्या, आता खासगी तपास करायच्या. त्यांचे दीर, भावोजी, निवृत्तीनंतर त्यांची गाडी चालवत, टिपणं घेत आणि कोणाला रडू फुटलं की पाण्याचा ग्लास पुढे करत. आकडे भावोजींच्या डोक्यावरून जात. माणसं मात्र त्यांना लगेच आवडत, आणि तिथेच दर वेळी घोळ होई.

बाईच्या मुलीच्या स्नायूंतली ताकद दिवसेंदिवस ओसरत चालली होती. शरीरात एक जनुक जन्मापासूनच नव्हतं. बाईचा धाकटा भाऊ संशोधक. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. भाचीसाठी त्याने नोकरी सोडून कंपनी काढली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पोटात ते जनुक घालून स्नायूंपर्यंत पोचवायचं, असं ते औषध. बहिणीने राहतं घर विकून पैसा घातला आणि हिशेब सांभाळायला घेतले. चार वर्षांनी, या फेब्रुवारीत, पहिल्या छत्तीस कुप्या तयार झाल्या. त्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये होत्या.

"आज सकाळी फ्रीजरचा प्लग काढलेला सापडला. धोक्याच्या भोंग्याची बॅटरीही काढलेली. सगळं वितळलंय."

"पोलीस?"

"डॉक्टर नको म्हणतो. बोभाटा झाला तर गुंतवणूकदार पळतील म्हणे."

कंपनी म्हणजे एका मजल्यावरच्या पाच खोल्या. प्रयोगशाळेतली सहायक मुलगी फ्रीजरसमोर भेदरून उभी होती.

"शनिवारी अकराला दार तुझ्या कार्डाने उघडलंय," वहिनी म्हणाल्या.

"कार्ड गुरुवारीच हरवलं हो! शुक्रवारी मी हिशेब बघणाऱ्या ताईंच्या कार्डावर आत आले."

"या वरच्या कप्प्यात काय होतं? रिकामा दिसतोय."

"मूळ पेशींचं खोकं. त्यांच्यापासून औषध बनतं. शुक्रवारी सकाळी आले तेव्हा टेबलावर टाईप केलेली चिठ्ठी होती, खोकं शेजारच्या इमारतीतल्या फ्रीजरमध्ये हलव म्हणून. सही नव्हती. मी हलवलं."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. आज विचारतंय कोण? नुसते ओरडतायत माझ्यावर."

बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले, "कार्ड हिचं, खोकं हलवलं हिनेच. उघड आहे की."

वहिनी हिशेबाच्या खोलीत शिरल्या. तासभर त्यांनी खर्चाच्या नोंदी चाळल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मार्चमध्ये नदीपलीकडच्या प्रयोगशाळेला पाण्याच्या तपासणीचे एवढे पैसे?"

"तीन महिन्यांच्या भाड्याएवढे," बाई म्हणाली. "मीही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाला, आपल्याला लागतं तसल्या पाण्याची तपासणी महागच असते."

गुंतवणूकदारांचा माणूस बैठकीच्या खोलीत सारखा घड्याळ बघत बसला होता.

"पहिला हप्ता यांनी संपवलाय," तो म्हणाला. "दुसरा कुप्या पास झाल्यावर. उद्या त्या नदीपलीकडच्या प्रयोगशाळेत जाणार होत्या. विषाणूत जनुक खरंच भरलंय का, हे जवळपास तेवढ्या एकाच ठिकाणी तपासतात."

"नापास झाल्या असत्या तर?"

"तर दुकान बंद."

"आणि अपघाताने किंवा घातपाताने गेल्या तर?"

"सहा महिन्यांची मुदत आणि अर्धा हप्ता, नव्याने बनवायला. कलम मीच घातलंय, माझंच नशीब."

डॉक्टरच्या खोलीत भिंतभर भाचीने काढलेली चित्रं होती. भावोजींना तो पाहताक्षणी आवडला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"शुक्रवारी पहाटे परिषदेला गेलो, तीन तासांवर आहे. आज ताईचा फोन आला तसा निघालो. अजून फ्रीजरपाशी जायचा धीर झालेला नाही. कोणाशी धड बोललोही नाही." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मूळ पेशी शेजारच्या इमारतीत आहेत म्हणून बरं. नाहीतर पुन्हा सुरू करायलाही काही उरलं नसतं."

भावोजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुपारी त्यांनी चौघांना बैठकीच्या खोलीत बसवलं.

"ताई, सकाळी फोनवर भावाला काय सांगितलंत?"

"प्लग काढलाय, लवकर ये. बस."

"मूळ पेशी हलवल्याचं?"

"मलाच ते आत्ता कळतंय."

"ही मुलगी कोणाला बोलली नाही. डॉक्टर शुक्रवारी पहाटेपासून इथे नाहीत, आज फ्रीजरपाशी गेलेले नाहीत. तरी पेशी कुठे आहेत ते त्यांना ठाऊक. कारण जाण्याआधी चिठ्ठी त्यांनीच ठेवली. गुरुवारी कार्डही त्यांनीच उचललं, आणि शनिवारी तीन तास गाडी चालवून आले."

"काहीतरीच!" गुंतवणूकदारांचा माणूस म्हणाला. "स्वतःचं औषध कोण मारेल?"

"मीही तिथेच अडले. मारणाऱ्याने साध्या पेशी जपल्या आणि चार वर्षांच्या कमाईच्या कुप्या वितळू दिल्या. म्हणजे त्या कुप्यांची खरी किंमत त्याला माहीत होती. मार्चमध्ये नदीपलीकडे पाणी गेलं नाही, या कुप्यांतलं औषध गेलं. निकाल चांगला असता तर डॉक्टरांनी तो तुमच्यासमोर नाचवला असता. त्यांनी लपवला. उद्या कुप्या तपासणीला गेल्या की तोच निकाल तुमच्या हातात पडणार होता."

भावोजी डॉक्टरकडे बघत होते, त्याने नाही म्हणावं म्हणून.

"रिकामी टरफलं होती," डॉक्टर शेवटी म्हणाला. "शंभरातल्या पंचाण्णव विषाणूंत जनुकच नव्हतं. चूक कुठे झाली ते मला कळलंय, ताई. सहा महिने मिळाले असते ना, तर..."

"मार्चमध्ये कळलं तुला?" बाईने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

"एप्रिलमध्ये याच आजारावर औषध काढणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा फोन आला होता," ती वहिनींकडे वळून अगदी हळू म्हणाली. "त्यांच्या चाचणीत एक जागा होती. सहाच्या आतल्या मुलांसाठी. हा म्हणाला, ताई, परक्यांचं कशाला, आपलं औषध आलंच. मी नाही म्हणून कळवलं. जूनमध्ये तिला सहा पूर्ण झाली."

"मला वाटलं तोवर मी..." डॉक्टर म्हणाला.

बाईने फोन काढला आणि त्या कंपनीचा नंबर लावला. पलीकडे थांबायला सांगितलं असावं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग मुलीचं वय सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं, महिन्यांसकट. ऐकून घेतलं. "नाही, नाही, तुमची काहीच चूक नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भावोजी ग्लास घेऊन अर्धवट उठले होते. वहिनींनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

"संध्याकाळी घरी येऊ नकोस," बाई भावाला म्हणाली. "मामा का आला नाही, ते तिला मी सांगेन काहीतरी."