खरवईचं धुराडं

खरवईला तेव्हा घरं मोजकीच होती. रिक्षावाला दिव्याच्या शेवटच्या खांबापाशी सोडायचा आणि पुढे बांधाबांधाने चालत यावं लागायचं. तिथे शरदचंद्र टिपणिसांनी एक्क्याण्णव साली बंगला बांधला आणि दिवाणखान्याच्या भिंतीत विटांची शेकोटी केली, वर धुराड्यासकट. लोक हसले. बदलापुरात थंडी ती केवढी, आणि तिच्यासाठी घरात भट्टी? पण अंबरनाथच्या कारखान्याने टिपणिसांना एकदा ट्रेनिंगला परदेशी धाडलं होतं. तिथे घरमालकिणीच्या शेकोटीपुढे बसून त्यांनी जे मनात घेतलं, ते घेतलंच. शेकोटीच्या कोनाड्यात नेमकी बसेल अशी काचेच्या दाराची लोखंडी पेटीसुद्धा त्यांनी एका सिंधी फॅब्रिकेटरकडून करून घेतली.

पहिल्याच हिवाळ्यात घर धुराने भरलं. विटांचं धुराडं गार राहायचं, धूर चढता चढता थंड व्हायचा आणि परत खोलीत उतरायचा. त्यावर उपाय होता. धुराड्यात वरून स्टीलचा पाइप सोडायचा आणि त्याला बाहेरून काचेची लोकर गुंडाळायची, म्हणजे धूर गरमच्या गरम निघून जातो. टिपणिसांनी पाइप आणला, लोकरीचे गठ्ठे आणले. त्याच आठवड्यात, दुपारचा चहा पिता पिता, ते कारखान्यातल्या खुर्चीतच गेले.

त्यांच्या पत्नी उमाबाई रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धक्का आहे, होतील मोकळ्या. वर्ष उलटलं तरी त्या झाल्या नाहीत. फार दुःख होत होतं असंही नव्हे. जेवणाची चव लागत नव्हती, पाणी गार की गरम ते कळत नव्हतं. एकदा पोळी उलटताना बोटं भाजली, फोड आले तेव्हा कुठे ते त्यांच्या ध्यानात आलं. मुलगी मीनल डोंबिवलीहून दर रविवारी यायची आणि म्हणायची, "आई, हे घर काढू. तू माझ्याकडे चल." उमाबाई म्हणायच्या, "बघू."

मागच्या अंगणात पडलेल्या पाइपवर दोडक्याचा वेल चढला होता. एक दिवस तो त्यांच्या नजरेस पडला आणि वाटलं, हे तेवढं उरकून टाकावं. त्यात हौस कसलीच नव्हती. ते अर्धवट पडलं होतं, इतकंच.

कारखान्यात बॉयलरच्या पाइपांना लोकर गुंडाळणारा सुदाम टिपणिसांच्या हाताखालचा. सुट्टीच्या दिवशी तो आला, सोबत बायको कौसाबाई. दोघांनी अंगणात पाइप ओंडक्यांवर ठेवला आणि लोकरीच्या पट्ट्या लपेटायला घेतल्या. तो लपेटायचा, ती तार आवळायची. वरून बारीक जाळी.

"हात लावू नका बाई, अंगाला खाज सुटते," कौसाबाई म्हणाली.

उमाबाईंनी हात लावलेलाच होता. त्यांना काही जाणवलं नाही.

दुपारी सुदामने गच्चीवर बांबूंची घोडी उभी केली आणि कप्पीवरून पाइप धुराड्यात सोडायला सुरुवात केली. स्लॅबपाशी धुराडं जरा अरुंद होतं, तिथे पाइप अडकणार हे त्याने आधीच सांगितलं होतं. खाली शेकोटीशी बसून कौसाबाईने पाइपचं तोंड धरायचं आणि पेटीवर बसवायचं. वर अजून दोर जुळवणं चाललं होतं, म्हणून ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली.

तेवढ्यात वरून हाक आली. "कौसा, ओढू नको. येऊ दे सावकाश."

कौसाबाईच्या हातात पेला तसाच राहिला. तिने उमाबाईंकडे पाहिलं. मग ओरडून म्हणाली, "मी नाय तिथं."

वरून कप्पीचा आवाज तेवढा येत राहिला. दोघी दिवाणखान्यात आल्या तेव्हा पाइप कुठे न घासता खाली उतरला होता आणि पेटीच्या तोंडावर बरोबर बसला होता.

"वजनानं उतरला," सुदाम खाली येऊन म्हणाला. त्याने लाकडं पेटवली. धूर सरळ वर गेला. शेकोटीच्या वरची भिंत त्याने तळव्याने चाचपली. "गार आहे. लोकर काम करतेय."

निघताना कौसाबाईने विचारलं, "बाई, यात कधी कोण उतरलं होतं का?"

"त्यात मांजरसुद्धा मावणार नाही."

"हां," ती म्हणाली. चपला हातात घेऊन ती निघाली आणि त्या तिने फाटकाबाहेर जाऊन घातल्या.

जानेवारीत एका सकाळी उमाबाई तांदूळ निवडायला शेकोटीशेजारी भिंतीला टेकून बसल्या. पाठीला ऊब लागली. पेटी कालपासून विझलेली होती. ऊन म्हणावं तर त्या भिंतीवर ऊन येत नव्हतं. त्यांनी हात फिरवून पाहिला. खाली विटा थंड, वर थंड. खांद्याच्या उंचीला मात्र रुंद असा एक भाग उबदार होता.

त्या तिथेच बसून राहिल्या. ऊब पाठीतून दंडात उतरली, दंडातून बोटांत. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालेलं त्यांना कळलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी पोटभर भात खाल्ला.

मग त्या रोजच बसू लागल्या. पेटी पेटवणं बंद झालं, त्याची गरज उरली नव्हती.

मीनल आली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून भिंतीवर ठेवला.

"गार आहे, आई."

"नीट बघ."

मीनलने दोन्ही तळवे टेकवले. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय बदलला. परतताना ती अंबरनाथला उतरली आणि सुदामला निरोप देऊन गेली.

पुढच्या रविवारी सुदाम एकटाच आला. त्यालाही भिंत गार लागली. मीनल म्हणाली, "फोडून बघा. एकदाचं आईचं समाधान होऊ दे."

त्याने छिन्नी लावली. खांद्याच्या उंचीला काही विटा काढल्या. आतून धुराचा वास आला नाही, कसलाच आला नाही.

सुदामने आत डोकावलं आणि छिन्नी खाली ठेवली.

"काय झालं?" मीनलने विचारलं.

तो बाजूला झाला.

वर आणि खाली लोकर जशी बांधली होती तशीच फुगीर होती. मधे मात्र ती चेपली होती. जाळी पाइपला जाऊन भिडली होती. तो चेपलेला पट्टा पुढून मागे, सगळीकडून गेला होता. कुणी दोन्ही हातांनी पाइपला घट्ट कवटाळावं, तसा.

"असं आम्ही नव्हतं बांधलं," सुदाम म्हणाला.

मग सावकाश बोलला, "बाई, पाइप काढून घेतो. धुराडं मुरमाने भरून टाकू. आजच."

"भरा," मीनल म्हणाली.

उमाबाई पुढे आल्या. त्यांनी त्या खळग्यात हात घातला आणि क्षणभर तसाच ठेवला.

"विटा परत लावा," त्या म्हणाल्या.

"आई..."

"सुदाम, विटा लावा."

त्याने लावल्या. त्यानंतर तो खरवईला आला नाही.

पाडव्याला मीनल पाया पडायला वाकली आणि पायांना हात लागताच तो मागे घेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बदलापूरच्या डॉक्टरांना घेऊन आली.

भर दुपार होती. वीज गेलेली. डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. उमाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा शांत.

"उगाच आणलं हिने तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मला काही होत नाही. छान उबदार वाटतंय."

डॉक्टरांनी त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला. थोड्या वेळाने काढून पाहिला. झटकला, परत ठेवला. मग बॅगेतून दुसरा काढला आणि तोही ठेवून पाहिला.

तो घेऊन ते खिडकीपाशी उजेडात गेले. पारा कुठे आहे ते त्यांना दिसेना. त्यांनी काच अंगठ्याने पुसली.

काच परत धुरकटली.

त्यांनी रुमालाने पुसली आणि उजेडासमोर धरली. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बाटलीवर धरतं तसं तिच्यावर पुन्हा दव धरू लागलं.