काळीपिवळीतलं बोलणं

अकोल्याच्या स्टँडबाहेर पातूरची काळीपिवळी जीप भरत होती. भरत होती म्हणजे काय, भरून वर उरत होती. परवापासून अवकाळी पाऊस किरकिरत होता, त्यामुळे जो तो आत घुसायला बघत होता.

"मॅडम, सामने बसा. मागं कोंबड्या हायेत," जीपवाले अब्दुल रहीम म्हणाले.

पुढच्या सीटवर आधीच एक जण होता, मांडीवर झेंडूच्या फुलांचं गाठोडं घेऊन. गिअरच्या दांड्यापासून पाय वाचवत तो मधे सरकला. मोनालीनं भिजलेली ओढणी आवरली आणि दाराशी अंग चोरून बसली. जीप हलली, तसा झेंडूचा ओला, उग्र वास तिच्या नाकात भरला.

"लग्न आहे का कुणाचं?" तिनं सहज विचारलं.

"नाई जी. बुधवार हाय."

"बुधवारी फुलं लागतात?"

"मले लागतात," तो म्हणाला.

तिला हसू आलं. पुढच्या सीटवर एक बरं असतं, दोघांनी रस्त्याकडे पाहायचं असतं, त्यामुळे हसू लपतं. तिनं मग आपल्या कामाचं विचारून घेतलं.

"पातूरला बायकांचा एक कार्यक्रम चालतो म्हणे. नवरा गेलेल्या बायकांचा. ठाऊक आहे तुम्हाला?"

तो काचेवरच्या पाण्याकडे पाहत राहिला. "हाय ना. देवमन नावाचा एक जन चालवते. लय बोलते तो."

"चांगलं बोलतो?"

"लांब बोलते. बाया बिचाऱ्या जांभया दाबून राह्यतात. त्यालेबी समजते ते. पण थांबता येत नाई त्याले."

"का बरं?"

"भेते तो," तो म्हणाला. "आपुन थांबलो, अन् कोणी रडाले लागलं... तर काय करावं?"

अब्दुल रहीम उगीचच खाकरले. पातूर आलं. मोनाली पत्ता विचारत सभागृहाच्या दाराशी पोहोचली, तर दारात तोच उभा, फुलांचं गाठोडं सोडत.

"मीच तो," तो ओशाळून म्हणाला. "देवमन."

"नाव तर आजोबांचं वाटतं!"

"त्याईचंच हाय. त्याईले आता लागत नव्हतं."

राग यावा की हसू, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात बायका आल्या आणि ते ठरवायचं राहूनच गेलं.

मोनाली अमरावतीच्या एका महाविद्यालयात मानवशास्त्र शिकवायची. माणसं कशी जगतात, कुणाच्या उंबऱ्यात बोलतात, कुणाच्या उंबऱ्यात गप्प होतात, हा तिचा विषय. पण नुसत्या फळ्यावर तिचं मन रमत नसे. म्हणून ती मूल्यमापनाची कामंही घ्यायची. एखाद्या योजनेनं माणसांचं काही भलं झालं, की नुसतीच सतरंज्यांची ने-आण झाली, हे गावात बसून शोधायचं आणि खरं ते लिहायचं. दोन हजार सात साल होतं. पेपर उघडला की वऱ्हाडाचं नाव असायचं, आणि नावापुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचा आकडा. मुंबईहून, दिल्लीहून योजना येत होत्या. मागे राहिलेल्या बायकांसाठी एका संस्थेनं ही बुधवारची बैठक सुरू केली होती. रहीमची जीप गावोगाव फिरून बायकांना आणायची, देवमन धीराचं भाषण द्यायचा, आणि जीप त्यांना परत सोडायची. ही बैठक पुढे चालवायची की नाही, ते मोनालीच्या अहवालावर ठरणार होतं.

ती दर बुधवारी यायला लागली. अमरावती-अकोला एसटी, पुढे रहीमची जीप. आणि दर बुधवारी मधल्या जागेवर देवमन. हा योगायोग कोण जुळवत होतं, ते रहीमलाच ठाऊक.

एकदा तिनं फुलांचं विचारलंच. देवमननं सांगितलं, ते असं. पहिल्या बैठकीला संस्थेच्या शहरातल्या पोरींनी रीत म्हणून दारात हळदीकुंकवाचं तबक धरलं होतं. पुढची बाई कपाळापाशी हात नेऊन तशीच थांबली. तिच्या मागच्याही थांबल्या. कुणी आत येईना, कुणी मागे फिरेना. तेव्हापासून तबक गेलं, आणि देवमन येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक झेंडू द्यायला लागला.

हे ऐकताना मोनालीचं मन पहिल्यांदा हललं, हे सांगून टाकलेलं बरं.

त्या दिवशी त्यानं तिच्याही हातावर फूल ठेवलं.

"मला कशाला? मी तर तपासायला आलेली."

"म्हनूनच. लाच हाय."

"एवढीशी?"

"पुढच्या बुधवारी वाढवतो ना..."

तिनं ते फूल पर्समध्ये ठेवलं. ज्याचं काम तपासायचं त्याच्यावरच जीव जडवणाऱ्या विद्यार्थ्याला तिनं वर्गात नापास केलं असतं. स्वतःला नापास करणं मात्र तिच्यानं होईना.

पण डोळे मिटून बसणारीही ती नव्हती. सभागृहात बायका कधीच बोलत नव्हत्या. कसं वाटतं विचारलं की "चांगलं हाय जी", आणि नजर सतरंजीवर. आशाबाई नावाची एक तरुण बाई तर हूं की चूं करत नसे. देवमनचं भाषण लांबत जायचं, पंखा कुरकुरायचा.

मग फाल्गुनात एकदा मोनाली परतीच्या फेरीत बायकांबरोबर मागे बसली. जीपनं पातूर सोडलं, मोठा रस्ता सोडला, धुरळा उडायला लागला, आणि तीच आशाबाई तोंड उघडून बोलली.

"मले तर रागच येते वो त्याचा! सांगून तर जाचं ना बापा. सकाळी भाजीत मीठ कमी हाय म्हने, अन् दुपारी..."

"माह्यावाला तर तेबी नाई बोलला," दुसरी म्हणाली.

एक रडायला लागली. तिला दुसरीनं असं काही चिडवलं की रडतारडता ती हसली. मेलेल्या नवऱ्याला शिव्या, सासूच्या नकला, सगळं जीपच्या घरघराटात. बोलताबोलता हात झेंडूच्या पाकळ्या तोडत होते. गावाची वेस आली. पाकळ्या झटकल्या गेल्या, पदर डोक्यावर आले, आणि एकेक बाई अशी गप्प उतरली की जणू कधी बोललीच नव्हती.

मोनालीनं खाली पाहिलं. जीपच्या तळाशी पाकळ्यांचा थर होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बायकांना आधार देत होती ती बैठक नव्हतीच, ही जीप होती. ना सासर, ना माहेर, ना सभागृह. इथलं बोलणं कुणाच्या घरी पोहोचत नव्हतं. बाईला बोलायला दुसरं ठिकाणच नव्हतं.

पुढच्या बुधवारी बायका पांगल्यावर तिनं सभागृहाच्या पायरीवर देवमनला हे सांगितलं. समोरासमोर. त्याचा चेहरा उतरत गेला तो तिला पाहावा लागला.

"म्हंजे माह्या भाषनानं काईच नाई झालं."

"तुमच्या फुलांनी झालं. जीपनं झालं. मी लिहीन, भाषण थांबवा, जीप चालू ठेवा. आणखी गावांना द्या."

"ते अर्धच वाचतात, मॅडम. बैठक नाई तर जीप कायले, असं म्हनतीन."

"मग काय, खोटं लिहू?"

"म्या सांगतलं तर खोटं लिहसान?" त्यानं शेवटी विचारलं.

किती सोपं होतं! एक शब्द बदलायचा होता. दर बुधवार पुन्हा तिचा झाला असता.

"नाही," ती म्हणाली.

"मंग विचारत नाई," तो उठला.

तिनं खरं ते लिहिलं. आणि देवमन म्हणाला तसंच झालं. बैठकीचा उपयोग दिसत नाही, हे वाक्य वर पोहोचलं, पुढचं वाक्य कुठं गळालं कोण जाणे. उन्हाळ्यात कार्यक्रम बंद झाला. रहीमची जीप नुसती सवाऱ्या वाहायला लागली. मोनालीनं पत्रं लिहिली, फोन केले, वरच्या लोकांशी भांडली. तुमचा अहवाल उत्तम होता, असं तिला सांगण्यात आलं. देवमननं तिचा फोन एकदाही उचलला नाही. ती वर्गात शिकवायची, घरी यायची, आईनं काढलेल्या स्थळांना नाही म्हणायची. पर्समधलं फूल वाळून चुरा झालं होतं, तो चुराही तिनं टाकला नाही.

श्रावणात एका सकाळी रहीमचा फोन आला. "मॅडम, तो आज जाऊन राह्यला. परतवाड्याकडं, आश्रमशाळेत नोकरी लागली त्याले. दुपारच्या फेरीत पातूरहून निघन. सामनेची सीट मी रिकामी ठेवतो. आगे तुमची मर्जी."

तिनं तास रद्द केले.

पातूरच्या थांब्यावर तो मधल्या जागेवर बसलेला होता, पायाशी पत्र्याची पेटी. तिला पाहून तो दचकला, पण उतरला नाही. ती दाराशी बसली. मागे गाठोडं घेऊन आशाबाई होती. बाहेर भुरभुर चालू होती, आभाळ दिवसभर उजाडलंच नव्हतं. पातूर मागे पडलं.

"सासरच्यायनं भावाकडं धाडलं मले," आशाबाईच मागून म्हणाली. "पोरगी ठेवून घेतली."

"माझ्या लिहिण्यानं झालं हे सगळं," ती काचेकडे पाहत म्हणाली.

"तुमच्या लिवन्यानं नाई वो झालं. त्याईच्या मनात पयलेपासून होतं. फक्त आता कोनापाशी बोलाले नाई राह्यलं."

वायपर कुरकुरत राहिला. मग देवमन बोलला, रस्त्याकडे पाहत.

"तुमी खरंच लिवलं होतं. जांभयाईचं म्याच तर पयल्या दिवशी सांगतलं होतं तुमाले. त्याचाच राग आला मले."

"मग फोन का नाही उचलला?"

"मले भाषन देता येते. बोलता नाई येत." त्यानं पायाशी पेटी सरकवली. "बुधवारी अजूनबी फुलं घेतो. सवय लागली. कोणाले द्यावं ते समजत नाई... म्हंजे समजते. पन ते अमरावतीले राह्यते."

अब्दुल रहीमनी उगीचच हॉर्न वाजवला. रस्ता मोकळा होता.

"अमरावतीला एसटी जाते," मोनाली हळूच म्हणाली.

"तिथं येऊन काय म्हनू? परतवाड्याले चाललेला मानूस मी."

"फुलं आणली म्हणायचं..."

रस्ता संपू नये असं दोघांनाही वाटत होतं, आणि तो तर संपतच होता. अकोल्याचा स्टँड आला. जीप थांबली. देवमननं पेटी उचलली, आशाबाईनं पदर डोक्यावर घेतला. मोनालीला ती शांतता ओळखीची होती. आता सगळे गप्प उतरतील, जसं कधी काही बोललंच गेलं नव्हतं.

आशाबाई तिच्या खिडकीपाशी येऊन थांबली. "मॅडम, आमचं गाडीतलं गाडीतच राह्यलं," ती म्हणाली. "तुमचं तरी खाली उतरवा."

आणि गाठोडं सावरत ती गर्दीत गेली.

मोनाली उतरली. देवमन परतवाड्याच्या गाडीकडे निघाला होता. चिखलातून, केळीवाल्यांच्या गाड्यांमधून ती धावली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. इथं काच नव्हती, रस्ता नव्हता, नजर ठेवायला दुसरं काही नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"देवमन, मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "हे मी जीपमध्ये बसून म्हणत नाहीये."

एरवी न थांबणारा तो माणूस थांबला. आणि त्याला ज्याची कायम भीती वाटायची तेच झालं, समोरची बाई रडायला लागली.

काय करावं हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. कंडक्टरनं परतवाड्याच्या गाडीची घंटी मारली. देवमननं पेटी चिखलात ठेवली आणि गाडी जाऊ दिली.